बरणी भरेपर्यंत

३ जुलै, सोमवार

ही वही ह्यांची. पुढच्या बाजूने गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही. मागच्या बाजूने मी. नवी वही आणायला हरकत नव्हती, पण नव्या वहीचं पहिलं पान मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिते आणि दुसरं कधी लिहीतच नाही. शिंप्याच्या वहीत कसली आलीय भीड!

तर आजपासून मी शिक्षिका. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पदवी वीस वर्षं कपाटात कापडाच्या तुकड्यांखाली पडली होती, कसर लागायच्या आत बाहेर काढली. वर्ग सहावी ब, मुलं एक्केचाळीस. यांच्या मूळच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या आता परत येणार नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या बाई नऊ दिवस टिकल्या. नंतरचे सर मधल्या सुट्टीत डबा खायला म्हणून गेले ते डब्यासकट गेलेच.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. बोलतात कमी, बघतात जास्त. मला म्हणाल्या, "अठ्ठावीस तारखेला मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसेन. वर्ग ताब्यात असला तर जागा तुमची. नसला तर दुसरा अर्ज माझ्या टेबलावर तयार आहे."

ही नोकरी मला हवी आहे. इथे कोणी वाचत नाही म्हणून स्पष्ट लिहिते, इतकी हवी आहे की आज वर्गात शिरण्याआधी मी दाराची कडी रुमालाने पुसली. वीस वर्षं ह्यांच्या दुकानात काजं करत बसले. काजं माझी सुरेख असतात, पण ती काही "बाई" म्हणून हाक मारत नाहीत.

पहिला तास चाळीस मिनिटांचा. त्यातली अडतीस "शांत बसा" म्हणण्यात गेली. उरलेल्या दोन मिनिटांत पाणी प्यायले.

४ जुलै, मंगळवार

शाळेने एक पुस्तिका दिली आहे, वर्गनियंत्रणाचे एकवीस उपाय. उपाय पहिला: ओरडू नये. शिक्षकाने एक हात वर करून निमूट उभं राहावं, मुलं आपोआप शांत होतात.

केला हात वर. मुलं शांत झाली नाहीत, त्यांनीही हात वर केले. मग एकाने दुसराही केला. मग सगळ्यांनी. मी हात खाली घेतला असता तर हार झाली असती, म्हणून अकरा मिनिटं तशीच उभी राहिले. शेजारच्या वर्गाचे गणिताचे सर दारातून डोकावले आणि म्हणाले, "कवायत मैदानावर घेत जा हो बाई." खांदा अजून ठणकतोय.

या सरांच्या वर्गात म्हणे टाचणी पडली तरी ऐकू येते. जाता जाता मी बघून आले. निम्मा वर्ग झोपला होता.

५ जुलै, बुधवार

सासूबाई म्हणाल्या, "हात काय वर करतेस? डोळे वटार. मी सहा पोरं नुसत्या नजरेवर वाढवली."

"म्हणूनच आम्हा सहाही जणांना चष्मा आहे," हे मशीनवरून म्हणाले. सासूबाईंनी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि हे खरंच गप्प झाले. म्हणजे उपाय चालतो.

वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. आवाज कारखान्याच्या भोंग्याइतका आणि सुटतोही तसाच, वेळ झाली की. आज त्याच्यावर नजर रोखली. डोळे अगदी खोबणीतून बाहेर येईस्तोवर. तो बिचारा उठून जवळ आला. "बाई, डोळ्यात काही गेलंय का? पाणी आणू?" आणि धावत जाऊन पाणी घेऊन आलाही. आता डोळ्यांत पाणी मारणाऱ्या बाईचा धाक कुणाला वाटणार?

७ जुलै, शुक्रवार

उपाय चौथा: बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर. यासाठी मॉनिटर नेमली. ही मुलगी एवढीशी, पण प्रत्येक नियमात पळवाट शोधते आणि मग ती वाट स्वतःच बुजवते. वर्गात तिचं नाव वकीलबाई. तिला बजावून सांगितलं, "तासाला परवानगीशिवाय जो बोलेल त्याचं नाव लिहायचं. कुणाचाही मुलाहिजा नको."

तास संपल्यावर फळ्यावर बघितलं. भोंगा तीन वेळा. बाई, अकरा वेळा.

"अगं, हे काय?"

"बाई, तुम्ही परवानगी घेतली नव्हती."

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अरे, तुम्ही मुलं आहात की उघड्यावर टाकलेलं काजाचं मशीन? तोंडाला बटण आहे का नाही? एकेकाच्या ओठांना वरून खाली सहा सहा काजं करून ठेवीन, मग उघडा न् मिटा! नाकी नऊ आणलेत माझ्या!" आणि बरंच काही. मी रागावले की मागचापुढचा विचार नसतो. मुलं मात्र खुदुखुदु हसत होती. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, परत रागवा ना."

कोडगेपणाची हद्द आहे ही.

१० जुलै, सोमवार

रागाच्या भरात तोंडाला बटण म्हटलं आणि त्यातूनच युक्ती सुचली! पुस्तिकेतला नववा उपाय म्हणजे वर्ग चांगला वागला की काचेच्या बरणीत एक गोटी टाकायची. आपल्याकडे गोट्या कुठून येणार, पण बटणं पोत्याने आहेत. घरातली बिस्किटांची मोठी बरणी घेतली, ह्यांच्याकडून पांढऱ्या बटणांचा एक पुडा घेतला. जो तास शांततेत जाईल त्याला एक बटण.

हे बरणी हातात तोलत म्हणाले, "चारशे तरी मावतील. अगं, ही भरेपर्यंत पोरांची लग्नं होतील." ह्यांना प्रत्येक शुभकार्यात शिंकायची सवय आहे.

वर्गात समजावून सांगितलं. भोंग्याने विचारलं, "भरली की काय मिळणार?" त्यावरून गोंधळ सुरू झाला, कुणाला मैदान हवं, कुणाला दोन दिवस सुट्टी, एकाला कुत्रं. मी टेबलावर पट्टी आपटली. "काही मिळणार नाही! पण मोठ्या बाई यायच्या आत ही बरणी भरली नाही, तर मी या वर्गात राहत नाही! मग बसा दुसऱ्या बाईंची वाट बघत!"

आणि काय आश्चर्य! एक्केचाळीस तोंडं एकदम मिटली. भोंग्याने हळूच विचारलं, "बाई, खरंच जाणार?"

"खरंच."

असा दम द्यावा लागतो. तास मात्र तोवर संपला होता, त्यामुळे आजचं बटण पडलं नाही.

११ जुलै, मंगळवार

वकीलबाईने आज न सांगता फळ्यावर गणित मांडलं. "बाई, अठ्ठावीसच्या आधी शाळेचे तेरा दिवस. रोज सात तास. सगळे तास शांत गेले तरी एक्क्याण्णव बटणं. बरणीला हवीत चारशे. तीनशे नऊ कमी पडतात."

"शाब्बास!" मी म्हटलं. "वजाबाकी अचूक."

"म्हणजे तुम्ही जाणारच ना, बाई?"

"बटणांचं बटणांपाशी. तू आधी खाली बस."

पोरगी हुशार आहे. खाली बसली ती वहीत काहीतरी लिहीत राहिली आणि शेजारचीला कोपराने ढोसत राहिली. तिला बटणं टाकायचं काम देऊन टाकलं. मला तासातासाला कुठे लक्षात राहणार?

१४ जुलै, शुक्रवार

लिहायला हात शिवशिवतात! बरणीचा तळ झाकला गेला, वर चार बोटं चढली सुद्धा. चार दिवसांत! वकीलबाईला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "दुसऱ्या तासांनाही आम्ही शांत बसतो, बाई." म्हणजे माझी शिस्त माझ्यामागेही चालते. पुडा मात्र अजून फुगलेलाच दिसतो, ह्यांनी सढळ हाताने भरला असणार.

मुलांना वर्गाचं काम वाटून घ्यायची सवयही लागली आहे. वकीलबाईच्या वहीत वेळापत्रक दिसलं: सोमवार १ ते ८, मंगळवार ९ ते १६, असं शुक्रवारी ४१ पर्यंत. मी विचारलं कशाचं, तर म्हणाली, "स्वच्छतेचं." मी न सांगता! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आज शिकवता शिकवता विषय कुठून कुठे गेला आणि ह्यांनी लग्नात स्वतःचाच कोट उलटा शिवला होता ती हकिगत सांगत बसले. पंचवीस मिनिटं वर्गात चिडीचूप. ही सगळी बरणीची करामत.

१७ जुलै, सोमवार

एक गोष्ट खटकते. पोरांचा पोशाख. आज चारपाच जणांच्या शर्टाला पोटावर टाचण्या! दोघांनी वह्या छातीशी धरून ठेवल्या होत्या, एकाने टाय पोटावर आणून बांधला होता. विचारलं तर म्हणे फॅशन आहे. मी गबाळेपणावर पंधरा मिनिटं बोलले. "माणसाची किंमत त्याच्या शेवटच्या बटणावरून कळते," असंही म्हणाले. वाक्य छान होतं, आयत्या वेळी सुचलं. त्यावर वर्गाने एकमेकांकडे असं काही बघितलं की मला वाटलं, पटलं बुवा.

ह्यांच्या दुकानात हल्ली गर्दी. वहीच्या पुढच्या बाजूला आज पान भरलंय: सहावीची मुलं, शर्ट १४, बटणं लावणे. त्याच्याखाली: आजोबांचा कोट १, उशीचे अभ्रे ६. चला, ह्यांच्या हाताला यश आलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे आता शाळेत तुमचं नाव झालंय."

"हो," हे म्हणाले. "तुझ्यामुळेच." आणि दोऱ्याच्या रिळात तोंड घालून हसत बसले. वय झालं की माणसं उगाच हसतात.

१९ जुलै, बुधवार

नवीन बटणं ह्यांनी लावून दिली तरी दुसऱ्या दिवशी शर्ट पुन्हा उघडे! हल्लीच्या दोऱ्यात दम नाही. मी ह्यांना चांगलंच सुनावलं. "कसला दोरा वापरता? माझ्या वर्गाची शोभा होते."

"दोरा पक्का आहे," हे म्हणाले. "पोरंही पक्की आहेत."

यातून कोणी काय अर्थ काढायचा?

२१ जुलै, शुक्रवार

बरणी अर्ध्याच्या वर! आणि आता तिच्यात नुसती पांढरी नाहीत. तपकिरी आहेत, काळी आहेत, एक लालभडक बदामाएवढं आहे, आणि एक पितळी, त्याच्यावर नांगर कोरलेला. वकीलबाईने आधी विचारलं होतं, "बाई, रंग कुठलाही चालेल ना?" मी म्हटलं, "शिस्तीला रंग नसतो." हेही वाक्य बरं होतं. पुड्यात ह्यांनी मिसळ माल भरला असणार, दुकानदाराचा हात तो.

शेजारचे सर तणतणत आले. त्यांच्या खुर्चीवर टाकलेल्या कोटाचं मधलं बटण गायब. "तुमच्या वर्गातलाच कोणीतरी," म्हणाले. मी अशी तडकले! "सर, माझा वर्ग आता पूर्वीचा राहिलेला नाही. बरणी बघा. इतकी शिस्त असलेली मुलं बटण चोरतील?"

सरांनी बरणी बघितली. मुलांनी सरांकडे बघितलं. भोंगा बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. "कोट दुकानात पाठवा," मी म्हटलं, "आमचे हे लावून देतील." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे तर सरांच्याच मनात संशय.

२५ जुलै, मंगळवार

आज धीर सुटला. तीन दिवस राहिले. परिमितीचा धडा मोठ्या बाईंसमोर घ्यायचा आहे आणि भोंग्याला आयताची परिमिती म्हणजे काय तेच कळत नाही. लांबी अधिक रुंदी करतो आणि निम्म्यात थांबतो. दोन वेळा सांगितलं, तीन वेळा सांगितलं. मग म्हटलं, "अरे गाढवा, टेबलावरच्या कापडाला चारही बाजूंनी लेस लावायचीय. दोनच बाजूंना लावून गिऱ्हाइकाला देशील? तो तुझ्या तोंडावर फेकेल!"

तो थांबला. "म्हणजे परत फिरून यायचं?"

"हो रे बाबा, परत फिरून यायचं."

त्याने बाकावरच बोट फिरवलं. चारही बाजूंनी. मग भोंगा असा वाजला की शेजारच्या वर्गातले सगळे जागे झाले.

तरी मला वाटतं, मला हे जमत नाही. पुस्तिकेतले एकवीसच्या एकवीस उपाय करून झाले. बरणीने वरून ढकललं म्हणून चालतंय, मी आतून काहीच केलेलं नाही. मोठ्या बाईंना हे दिसेलच. दुसरा अर्ज कुणाचा असेल, त्या बाई ओरडत नसतील का, हे डोक्यात घोळत राहतं. ह्यांना बोलले नाही. मशीन चालू होतं.

२७ जुलै, गुरुवार

भरली. काठोकाठ! झाकण लागत नाही. वकीलबाईने शेवटचं बटण टाकलं तेव्हा वर्गाने टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, सगळे नुसते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बघताय काय? उद्या नीट बसायचं. हाताची घडी!"

एक्केचाळीस घड्या तत्क्षणी पडल्या. इतक्या घट्ट की मला कौतुक वाटलं.

२८ जुलै, शुक्रवार

सगळं लिहिते. क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच पटणार नाही.

मोठ्या बाई बरोबर अकरा वाजता आल्या. मागच्या बाकावर बसल्या, बरणी बघितली. मी धडा सुरू केला. वर्गात असा काही शुकशुकाट की मला माझीच बांगडी ऐकू येत होती. एकाही मुलाची घडी सुटली नाही. एकाने शिंक आली तरी हात काढला नाही, तशीच मोकळ्यावर दिली. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं बाई.

मग मोठ्या बाई उठल्या. "लांबी आठ, रुंदी पाच. परिमिती कोण सांगेल? हात वर करा."

एक हात वर नाही.

"कुणालाच येत नाही?"

घड्या आणखी घट्ट झाल्या. वकीलबाई जमिनीकडे बघत होती. काल सगळ्यांना येत होतं! मला तर वाटलं, मुद्दाम करतायत, माझा काटा काढतायत. भोंग्याकडे बघितलं. तो लाल झाला होता, ओठ दाबून धरले होते, बाक थरथरत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर येत होतं हो! त्याला ते सहन होईना. शेवटी उजवा हात वर गेला.

"सव्वीस! लेस सव्वीस लागेल! परत फिरून यायचं!"

आणि शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत सताड उघडला. आत बनियन, बनियनवर शाईचा डाग.

एकाने हात वर केल्यावर मग बाकीच्यांना कोण आवरणार? सगळे हात वर. मुलांचे शर्ट दोन्ही बाजूंना फाकले, मुलींच्या बाह्या मनगटापासून कोपरापर्यंत लोंबायला लागल्या, टाचण्या टपाटप उडाल्या. एक टाचणी माझ्या टेबलावर येऊन पडली आणि खरंच ऐकू आली. सगळ्या वर्गात एक बटण धड नव्हतं. मी बरणीकडे बघितलं. मग वर्गाकडे. मग परत बरणीकडे. कपाळ माझं!

मोठ्या बाईंनी वकीलबाईला उभं केलं. तिने वही पुढे केली. तेच वेळापत्रक. स्वच्छता नाही न् काही नाही. कुणी कुठल्या दिवशी किती बटणं द्यायची, घरातून काय आणायचं, कुणाचं देऊन झालं, सगळं खुणेसकट.

"आजोबांचा कोट," मोठ्या बाईंनी वाचलं. "विचारून आणली?"

"आजोबांनीच तोडून दिली, बाई. कशासाठी ते त्यांना सांगितलं होतं."

"शेजारच्या सरांचं बटण?"

"ते मी," भोंगा म्हणाला. "ते मी परत देणार होतो. सोमवारी."

"आणि बरणी भरली की तुम्हाला मिळणार काय होतं?"

"मिळणार काही नव्हतं," वकीलबाई म्हणाली. "बाई म्हणाल्या होत्या, भरली नाही तर त्या जाणार. आधीचे सगळे न सांगता गेले. या बाईंनी निदान सांगितलं तरी, म्हणजे आम्हाला काहीतरी करता आलं."

मी फळ्याकडे तोंड फिरवून परिमिती पुसली. पुसलेली परत पुसली. असं काही मी म्हणाले होते, हे मला आठवतसुद्धा नव्हतं. म्हणजे म्हणाले होते. पण मी तर दिवसातून दहा वेळा काहीबाही म्हणते! घरी मी वीस वर्षं माहेरी निघालेय!

मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी दहा वाजता ऑफिसात या." आवाजावरून काही कळेना.

२९ जुलै, शनिवार

ह्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

"चौदा शर्ट आणि सगळ्यांचं खालून दुसरंच बटण तुटलेलं," हे म्हणाले. "आपोआप तुटतं तर कुठलंही तुटलं असतं. बटणं तोडायलाही शिस्त लागते, ती तुझ्या वर्गात आहे."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात!"

"पोरांनी शपथ घातली होती. म्हणाली, काका, बाईंना सांगू नका, त्या रागावतील." मग ह्यांनी सुईत दोरा ओवला. "नाही, रागावलेलं त्यांना आवडतं. म्हणाली, त्यांना वाईट वाटेल."

"अहो, माझी नोकरी जाईल यात!"

"तुझ्या नोकरीसाठी एक्केचाळीस पोरं उघड्या पोटाने फिरत होती. मी कोण मध्ये बोलणारा?"

मी काही वेळ भांडले, मग रडले, मग पुन्हा भांडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "माझ्या सहांपैकी एकाने कधी माझ्यासाठी नाडीसुद्धा तोडली नाही." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ह्यांनी मशीन थांबवलं आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

नोकरी जाणार हे आता नक्की आहे. वर्ग ताब्यात नव्हता, मीच वर्गाच्या ताब्यात होते. मला दुसऱ्या अर्जवाल्या बाईंचा हेवा वाटत नाही, राग येतो. त्यांना भोंग्याची लेस कुठून माहीत असणार?

३१ जुलै, सोमवार

ठरवलं की जायचंच असेल तर पोरांना धड कपड्यांत सोडून जायचं. ह्यांच्याकडून एक्केचाळीस सुया आणि दोऱ्याची सहा रिळं घेतली. "पक्का दोरा द्या," म्हटलं. ह्यांनी सगळ्यात चांगला दिला, आणि सुया टोचू नयेत म्हणून सगळ्या फडक्यात ओळीने खोचून दिल्या.

वर्गात गेले आणि बरणी टेबलावर उपडी केली. "आपापली शोधा. ज्याची त्याने लावायची. आईने नाही, शिंप्याने नाही, ज्याने तोडलं त्यानेच."

पहिली पाच मिनिटं नेहमीचा बाजार. नांगरवालं कुणाचं, लालभडक कुणाच्या मावशीचं. मग सुईत दोरा ओवायची वेळ आली. मी फळ्यावर चार भोकं काढली, वरून खाली, खालून वर, शेवटी मागे तीन वेढे. आणि मग एकेकाने जीभ दातांत धरली, एकेकाने दोऱ्याचं टोक तोंडात धरलं, आणि आवाज हळूहळू बंद झाला. पूर्ण बंद. घडी नाही, पट्टी नाही, उपाय नाही. भोंगा सरांचा कोट मागून आणून मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं बटण लावून झालं होतं, पण त्याला ते जरा तिरकं वाटलं, म्हणून त्याने उसवून पुन्हा लावायला घेतलं. मी न सांगता. मीसुद्धा गप्प होते, माझ्या तोंडातही दोरा होता, एका मुलीच्या बाहीचं बटण लावून देत होते.

ऑफिस, दहाची वेळ, मोठ्या बाई, सगळं साफ डोक्यातून गेलं.

साडेदहाला दार उघडलं. मोठ्या बाई हातात कागद घेऊन उभ्या. "वर्ग कुठे गेला म्हणून बघायला आले," म्हणाल्या. "बाहेर काहीच ऐकू येईना. वाटलं, तुम्हीही डबा घेऊन गेलात."

मी उठायला गेले तर बाही माझ्या पदरालाच शिवली गेली होती. तशीच बसले. मोठ्या बाई बाकांमधून चालत गेल्या, एकेक बटण ओढून बघत. भोंग्यापाशी आल्या, तेव्हा त्याने मान वर केली. "बाई, तुमच्या जाकिटाचं लोंबतंय. एका धाग्यावर आहे. बसा, लावून देतो."

त्या बसल्या! भोंग्याच्या शेजारी, सहावीच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी.

"हलू नका हं," भोंगा म्हणाला. त्या हलल्या नाहीत. कागद मात्र त्यांनी समोर धरला आणि माझ्याकडे न बघता वर्गालाच म्हणाल्या, "या बाईंना कायम ठेवायचं पत्र मी टाइप केलंय. एकच जागा कोरी आहे. पुढच्या वर्षी यांना परत सहावी द्यायची, की तुमच्याबरोबर सातवीत पाठवायचं?"

कुणाच्या तोंडात दोरा, कुणाच्या ओठांत सुई. एकाला बोलता येईना. मग बोटं वर झाली. एका हाताची पाच, दुसऱ्या हाताची दोन. सगळ्या वर्गात. भोंग्याचे दोन्ही हात मोठ्या बाईंच्या जाकिटात अडकले होते, त्याने सात वेळा मान हलवली.

वकीलबाईने तोंडातला दोरा काढला. "सातवी, बाई. सर्वानुमते."

मला रडू फुटलं. आवरेचना. मोठ्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? सुई टोचली म्हणून सांगितलं.